डावी बाजू एबोमामाची

बैठक मंगळवारी ठेवायची, हे अराबाने ठरवलं. आपामच्या किनाऱ्यावर मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही. तो समुद्राचा विसाव्याचा वार. त्यामुळे 'होड्या आल्यात, हात लावायला जायचंय' म्हणून मधूनच उठून जायची सोय कुणालाच नव्हती. मागच्या तीन बैठका नेमक्या तशाच मोडल्या होत्या. एकदा तिचा मुलगा फीफी उठून गेला होता आणि दोनदा तिचा थोरला भाऊ एबो.

नवी होडी त्यांच्या पुढ्यातच वाळूवर उभी होती. वावा नावाच्या झाडाच्या अखंड खोडातून कोरलेली, वर फळ्या चढवून उंच केलेली, निळा-पांढरा रंग मारून तयार. तारली वर येऊन आठवडा झाला होता. आजूबाजूच्या होड्या रोज भरून येत होत्या आणि मासे धुरवायची अराबाची भट्टी थंड पडली होती. बारा खलाशांनी परवाच निरोप धाडला होता: गुरुवारी होडी पाण्यात गेली नाही, तर आम्ही पलीकडच्या एकुआबाईच्या होडीवर चाललो. होडी पाण्यात जायची तर दोन माणसं हवी होती. आईकडच्या घराण्यातला सगळ्यात थोरला पुरुष नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या बगलेला, पहिला खांदा लावतो, त्याशिवाय खलाशी नव्या होडीला पाण्यात ढकलत नाहीत. तो थोरला म्हणजे एबो. दुसरा अर्थातच होडी चालवणारा तांडेल, म्हणजे फीफी.

एबो म्हणत होता, माझं वाक्य होडीवर लिहा, मग खांदा लावतो. फीफी म्हणत होता, ते वाक्य लिहिलंत तर मी होडीवर पाय ठेवणार नाही.

"बसा सगळे," अराबा म्हणाली. "आधी खाऊन घ्या. उपाशीपोटी तुम्ही दोघं जास्तच भांडता."

फीफीच्या बायकोने, मान्साने, पानात गुंडाळलेले केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे आणि तळलेले मासे वाढले. मासे विकतचे होते. या घरात मासा विकत आणायची वेळ चाळीस वर्षांत पहिल्यांदा आली होती, आणि मान्साने तो वाढताना प्रत्येकाला तसं ऐकवलं. रंगारी बादूलाही एक गोळा मिळाला. तो आपल्या रंगाच्या डब्यावर बसून सकाळपासून वाट बघत होता. बादूला काहीही लिहायला सांगा, त्याची ना नसे. चर्चची पाटीही त्याचीच आणि समोरच्या दारूच्या गुत्त्याचीही.

"मला एक सांग फीफी," केंके सोलता सोलता एबोने सुरुवात केली. छत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. घरातल्यांशीही वर्गात असल्यासारखा बोले. "मी घरातून निघालो की पहिलं काय दिसतं? 'प्रभूची कृपा वेल्डिंग'. पुढे 'येशूचं रक्त केशकर्तनालय'. त्याच्या पुढे 'हालेलुया पंक्चर'. चौकात तीन लाउडस्पीकर, तिन्हींवर तीन वेगळे पास्टर. मी कधी तक्रार केली?"

"रोज करता," फीफी म्हणाला.

"घरात करतो. बाहेर केली का?"

"मामा, पण ते केशकर्तनालय चांगलं आहे हो," मान्सा म्हणाली. "वेण्या घट्ट घालते ती पोरगी."

"वेण्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की सगळ्या आपाममध्ये मला एक ओळ हवी. एक! 'देव नाही, माणसं आहेत.' एवढंच. त्यावर एवढा गहजब?"

"लोक स्वतःच्या दुकानावर लिहितात, मामा. होडी काय तुमच्या एकट्याची आहे?"

"तुझ्या एकट्याची आहे?"

"होडी माझी आहे," अराबा म्हणाली.

"हो, हो," दोघांनी एकदमच मान डोलावली आणि भांडण पुढे चालू केलं.

लाकूड एबोने मिळवलं होतं, हे कुणी नाकारत नव्हतं. वर जंगलात तीन महिने तो कोरणाऱ्यांच्या पालात राहिला, मलेरिया अंगावर काढला आणि झाड निवडण्यापासून ते ट्रकवर चढवण्यापर्यंत हलला नाही. परत आला तेव्हा त्याला कुणी ओळखेना. त्याच्या केप कोस्टच्या नास्तिक मंडळाला आपल्या बॅनरवर त्या ओळीसकट या होडीचा फोटो हवा होता. मंडळात सात जण होते, त्यातले दोघे बायकोच्या धाकाने रविवारी चर्चला जात; पण बॅनर मोठा होता.

"मागच्या वर्षी जुनी होडी उलटली," फीफी म्हणाला, "तेव्हा चार तास मी एका फळीला धरून होतो. त्या फळीवर मी येशूला शब्द दिला. वाचलो, तर पुढच्या होडीवर तुझं नाव. 'येशू माझा तांडेल.' तो शब्द मी मोडू? तुमच्या त्या बॅनरसाठी?"

"येशू तांडेल, तर तू कोण?" मान्साने विचारलं. "तांडेलाचा वाटा त्याला पाठवायचा का?"

बाजूला बसलेल्या खलाशांपैकी दोघे-तिघे फिसकन हसले. फीफीने बायकोकडे असं पाहिलं की तिने माशाचे काटे काढायला घेतले.

"तुला विनेबा गावच्या होडीने वाचवलं," एबो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "त्यांनी दोर टाकला. त्यांच्या तांडेलाचं नाव अबेकू. मी त्याच्या घरी जाऊन त्याचे हात धरून आलो. तू गेलास का?"

फीफीने केंकेचं पान चुरगाळलं. तो गेला नव्हता. तो थेट चर्चमध्ये साक्ष द्यायला गेला होता, आणि साक्षीत अबेकूचं नाव राहून गेलं होतं.

"आणि अफुआ गेली तेव्हा," एबो पुढे म्हणाला, "पोस्टर कुणी छापलं? 'प्रभूने आपल्या लेकीला घरी बोलावलं.' खाली शोकाकुल म्हणून पहिलं नाव माझं. गावभर, भिंतीभिंतीवर. चाळीस वर्षं संसार केला मी तिच्याशी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिचं मूत्रपिंड गेलं होतं. मला कुणी विचारलं?"

अराबाने हातातला केंके खाली ठेवला. पोस्टर तिने छापून घेतलं होतं. फीफीने मजकूर आणला आणि तिने हो म्हटलं. सगळ्यांच्या पोस्टरवर तेच असतं, त्यात विचारायचं काय, असं तेव्हा तिला वाटलं होतं. दोन वर्षं दादा त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. होडीवरची ती एक ओळ त्याला का हवी, हे तिला आज, विकतचा मासा खाताना कळलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात मान्साने, दोघांचंही तोंड बंद आहे असं पाहून, संधी साधली.

"होडीला बाजू किती असतात?" तिने विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" फीफी म्हणाला.

"दोन असतात ना? मग उजव्या बाजूला येशू, डाव्या बाजूला मामा."

असं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फीफीने विचार केला. शब्द नाव लिहिण्याचा दिला होता, दोन्ही बाजूंना लिहिण्याचा नाही. एबोने विचार केला. एक बाजू म्हणजे सुद्धा चाळीस फूट. "अक्षरं सारख्या मापाची हवीत," तो म्हणाला. "सारख्याच रंगाची," फीफी म्हणाला. अराबाने बादूकडे पाहिलं, बादूने ब्रश उचलला. तासाभरात दोन्ही बाजूंना वीत-वीतभर उंचीची लाल अक्षरं चमकायला लागली. एबोने फोनवर तीन फोटो काढले. फीफीने उजव्या बाजूपुढे हात जोडले. खलाशांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि अराबाने मनातल्या मनात भट्टीत लाकडं रचली.

आणि पास्टर क्वेंटसील आले.

त्यांचं पत्र्याचं चर्च किनाऱ्याच्या पूर्वेला होतं. दुपारची प्रार्थना आटोपून ते दारात उभे राहिले आणि त्यांनी समोर पाहिलं. सगळ्या होड्या नाळ समुद्राकडे करून उभ्या असतात, समुद्र दक्षिणेला, म्हणजे डावी बाजू पूर्वेकडे. ही गोष्ट जन्म किनाऱ्यावर काढलेल्या एवढ्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

"भाऊ फीफी," पास्टर घाम पुसत म्हणाले, "मी प्रवचनाला उभा राहिलो की मला समोर काय दिसणार, माहितीय? 'देव नाही.' 'माणसं आहेत' खांबाआड जातं. नुसतं 'देव नाही'. दर रविवारी. सगळ्या मंडळीला."

"मग दार लावून घ्या," एबो म्हणाला. "आणि लाउडस्पीकरही आत घ्या. मला पहाटे चार वाजता ऐकावं लागतं ते तुम्ही रविवारी दोन तास वाचा. काय वाईट?"

"मामा, बाजू बदलू या," फीफी म्हणाला.

"आता? रंग ओला आहे."

"मग होडी उलटी ठेवू."

"आणि समुद्रात काय, मागच्या टोकाकडून घुसणार?"

"तुम्हाला ठाऊक होतं! म्हणून तुम्ही डावी बाजू पटकन घेतलीत!"

"मला? मी भौतिकशास्त्र शिकवलं, भूगोल नाही!"

दोघंही उभे राहिले होते. पास्टर मध्ये पडले, मग बाजूला झाले. खलाशी आपसांत कुजबुजायला लागले, आणि एकुआबाईचं नाव अराबाच्या कानावर आलं. तिने "दादा" म्हणून हाक मारली, "फीफी" म्हणून हाक मारली, कुणी ऐकलं नाही.

"एवढा भरवसा आहे ना तुझा तुझ्या तांडेलावर?" एबो ओरडला. "मग चल, घाल होडी पाण्यात. आत्ता. बघू कुठल्या बाजूने पाणी शिरतं!"

शब्द तोंडातून निसटल्यावर त्याचं त्यालाच कळलं. अराबाने त्याचा चेहरा पाहिला. पण फीफी थोडाच सोडतोय?

"चला! मी देवाचा माणूस आहे. मंगळवार-बिंगळवार माझ्या बायबलात कुठे लिहिलेला नाही."

"माझ्या भौतिकशास्त्रातही नाही!"

"आज?" मान्सा म्हणाली. "अहो, आज?"

"लावा रे खांदे!" फीफी ओरडला.

"ढकलायचं फक्त. पाण्यात शिरायचं नाही हं," एक खलाशी म्हणाला. पण खलाशांना गंमत हवीच होती. बायबल आणि भौतिकशास्त्र दोन्ही मंगळवारी पाण्यात उतरतात का, हे बघायला शेजारच्या होड्यांवरून जाळी विणणारेही उठून आले. एबोने उजवीकडून नाळेला खांदा दिला, फीफीने डावीकडून. खाली ओंडके होते, उतार होता. होडी एका हिसक्यात सुटली आणि गडगडत खाली गेली. बादू "अरे रंग! रंग!" करत मागे धावला.

ओल्या वाळूच्या रेषेपासून चार हातांवर होडी थांबली. दोघांनीही एकाच वेळी पाय रोवले होते.

"काय झालं?" अराबाने वरून विचारलं.

"पोरं दमली," फीफी म्हणाला.

"ओंडके संपले," एबो म्हणाला.

"मग तुम्ही व्हा ना पुढे, मामा. तुमचा तर कशावरच विश्वास नाही."

"तू हो. तुझा दुसऱ्या कुणावर आहे."

"मी आईसाठी थांबलो. तिला वाईट वाटेल म्हणून."

"मीही तिच्यासाठीच."

"मी कुठे काय म्हणतेय?" अराबा म्हणाली. "जा की!"

दोघांच्याही पायांची बोटं वाळूत रुतलेली. पाणी समोर येत होतं, मागे जात होतं, आणि जेव्हा ते येई तेव्हा अडुसष्ट वर्षांचा भौतिकशास्त्राचा मास्तर आणि त्याचा चर्चचा डीकन भाचा, दोघेही अर्धं पाऊल मागे सरकत होते.

"भरती!" बादू ओरडला.

आणि मग सगळ्यांना एकदम जाग आली. पाणी चढत होतं. मंगळवारी होडीला समुद्र लागला तर किनाऱ्याचा मुखिया एक मेंढा आणि दोन बाटल्या जिन घेतल्याशिवाय सोडत नाही. पण मेंढ्याचं काय, तो देता आला असता. अशा होडीवर त्या हंगामात एकही खलाशी चढत नाही. अराबा उठली, लुगड्यासारखं नेसलेलं वस्त्र कमरेला खोचलं आणि जन्मात ओरडली नव्हती एवढ्या जोरात ओरडली, "ओढा!"

खाली न्यायला बारा माणसं पुरली होती, वर आणायला सगळा किनारा लागला. जाळी विणणारे आले, मासे धुरवणाऱ्या बायका आल्या, चर्चमधली प्रार्थनेची मंडळी धावत आली, गुत्त्यातले पिणारे ग्लास हातात घेऊनच आले. पास्टर क्वेंटसीलांनी कोट काढला आणि दोराला लटकले. ओढण्याचं जुनं गाणं, जे ना चर्चचं ना शाळेचं, ते कुणीतरी सुरू केलं आणि शंभर गळ्यांनी उचललं. एबोही गात होता. पुढच्या लाटेचा फेस नाळेपासून वितीवर आला, तेवढ्यात होडी हलली. मग हातभर. मग दोन हात.

होडी जागेवर आली तेव्हा सगळे वाळूत पसरले. कुणाला बोलायला श्वास नव्हता.

"मी आपला... शेजारधर्म म्हणून," पास्टर धापा टाकत म्हणाले. "मंगळवारचं माझ्या मनात काही नाही."

"नाही नाही, कसं असेल?" मान्सा म्हणाली.

आणि अराबाला हसू फुटलं. जुनी होडी उलटल्यापासून ती हसली नव्हती. आधी ती स्वतःशीच हसली, मग पोट धरून, कारण फीफी उठून उभा राहिला होता आणि त्याच्या पाठीवर ओल्या लाल रंगात मामाचं 'नाही' उलटं उमटलं होतं, आणि एबोच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर येशूचं नाव जवळजवळ पूर्ण होतं. सगळा किनारा हसला. एबोने खांद्याकडे पाहिलं, भाच्याच्या पाठीकडे पाहिलं. "मंगळवार तुझ्या बायबलात नाही म्हणालास," तो म्हणाला. "तुमच्या भौतिकशास्त्रात सापडलं का?" फीफीने विचारलं, आणि मग तेही दोघं हसले. एकमेकांकडे बघायचं मात्र टाळत होते.

होडीच्या दोन्ही बाजूंना नुसते लाल फराटे उरले होते.

"आता काय लिहू?" बादूने विचारलं. "कुणाचं आधी?"

"कुणाचंच नाही," अराबा म्हणाली. "लिही, 'मंगळवार'."

"काय?"

"तुम्हा दोघांचा एकाच गोष्टीवर विश्वास आहे, ती मी आत्ता डोळ्यांनी पाहिली. तीच लिहायची. दोन्ही बाजूंना."

"ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!" एबो म्हणाला. "आयुष्यभर मी याच्याविरुद्ध—"

"मग मघाशी पाण्यात का नाही उतरलास?"

एबो खांद्यावरचा रंग पुसायला लागला.

"आई, हा तर मामाचा वार," फीफी कुरकुरला. मंगळवारी जन्मला म्हणून मामाचं नाव एबो. "म्हणजे शेवटी त्यांचंच झालं."

"आणि माझं नाव अराबा कशामुळे पडलं? मी काय रविवारची? मीही मंगळवारचीच. माझी होडी, माझा वार." ती भावाकडे वळली. बोलायचं ते सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं, कारण पोस्टरही सगळ्यांसमोरच लागलं होतं. "दादा, अफुआवहिनीचं पोस्टर मी छापून घेतलं. तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं, चुकलं माझं." मग मुलाकडे. "आणि फीफी, शब्द तू दिलास, होडीने नाही दिला. तुझा तू पाळ. पण विनेबाला जा आणि अबेकूचे हात धरून ये."

कुणीच हो म्हटलं नाही. एबो सदरा झटकत घरी गेला. फीफी पास्टरांबरोबर गेला. बादूने त्या उन्हात 'मंगळवार' दोनदा लिहिलं. अराबाने बुधवार कसा काढला, ते तिचं तिला ठाऊक. ती सारखी दारात येऊन रस्त्याकडे बघत होती, आणि रस्त्याने कुणीच आलं नाही.

गुरुवारी पहाटे ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा एबो होडीपाशी उभा होता. थोड्या वेळाने फीफी आला, खलाशांना घेऊन. विनेबाला जाऊन आल्याचं त्याने सांगितलं नाही, पण मान्साच्या हातात विनेबाच्या बाजारातला अननस होता. दोघंही पुरुष एकमेकांशी बोलले नाहीत. होडी ओंडक्यांवरून पाण्याच्या काठापर्यंत आली. समुद्र त्या दिवशी चांगला नव्हता. लाटा एकामागून एक, मध्ये फट न ठेवता फुटत होत्या.

निघण्याआधी प्रार्थना होते. फीफीने टोपी काढली, खलाशांनी काढली. एबो नेहमीसारखा वळला आणि झोपड्यांकडे चालायला लागला. आजवर प्रत्येक प्रार्थनेच्या वेळी तो तिथेच, सगळ्यांकडे पाठ करून, उभा राही. आता कुणाचा तरी एक शब्द चुकेल आणि सगळं मोडेल, असं अराबाला वाटलं.

"मामा," फीफीने हाक मारली. "कुठे चाललात?"

"तुमचं उरकू दे. मग लावतो खांदा."

"इथेच थांबा की." फीफीने हातातली टोपी फिरवली. "आम्ही सगळे आता डोळे मिटणार. लाटा कोण बघणार?"

एबो जिथल्या तिथे थांबला. मग परत आला, नाळेला खांदा टेकवून उभा राहिला आणि समुद्राकडे तोंड केलं. फीफीने डोळे मिटले. बाराही खलाशांनी मिटले. फीफीची प्रार्थना लांबलचक असे. वारा, जाळं, इंजिन, बायकापोरं, आणि आज विनेबाचा अबेकूही तिच्यात आला. एबो ओठ हलवत लाटा मोजत होता. एक मोठी. दुसरी. तिसरी सगळ्यात मोठी, ती फुटली आणि तिच्यामागे पाणी सपाट झालं.

"आत्ता!" एबो ओरडला.

"आमेन!" फीफी ओरडला, त्याच श्वासात, वाक्य अर्धवट टाकून.

रीतीप्रमाणे पहिला जोर थोरल्याचा लागायला हवा. लागला का, ते अराबाला कधीच सांगता आलं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि होडी पाण्यात गेली होती.